आईने कढई उतरवली नाही

सुतकाच्या घरात कढई चढत नाही, हे आमच्या वऱ्हाडात लहान पोरालाही माहीत असतं. तळण नाही, फोडणी नाही. बाबा गेले तेव्हा आईने खुंटीवरची कढई घासून माळ्यावर टाकली होती, अन् तेरवी झाल्यावरच ती खाली आली. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे आमच्या घरात जे बोलायचं होतं ते सगळं ती कढईच बोलली.

मी खामगावात गाड्यांच्या एका शोरूममध्ये फोनवर बसते. नवी गाडी बुक केलेल्यांना ‘आपली गाडी कधी येणार’ ते सांगायचं, हे माझं काम. माझा धाकटा भाऊ जपानात, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. आई साऱ्या गल्लीत सांगत फिरायची, “माहा पोरगा तिकडं गाड्या बनवते.” गाड्या कसल्या, कपाळ माझं! स्टिअरिंगच्या आत एक काळी रबरी कडी बसते, बांगडीएवढी, ती तो बनवायचा. स्वतःच म्हणायचा, “ताई, लोकं परदेशात जाऊन नाव काढतात, मी अठी बांगड्या भरून राह्यलो.”

त्याच्या बाजूच्या मशीनवर एक बाई होती, आईच्याच वयाची. तो तिला काकू म्हणायचा. तिनेच त्याला हाताला धरून काम शिकवलं होतं. हा मांस-मच्छी खात नाही हे कळल्यापासून ती त्याच्यासाठी घरून वेगळा भात आणायची. तिकडची जेवणाची सुट्टी म्हणजे आपली सकाळ. तेव्हा हा रोज व्हिडिओ कॉल लावायचा, अन् आईचा पहिला शब्द ठरलेला, “जेवला?” ऐकून ऐकून काकूने तो एवढा एक शब्द उचलला. ‘ल’ काही तिच्या जिभेला जमायचा नाही. फोनमध्ये डोकं घालून आईला विचारायची, “जेवरा?” आई पदर तोंडाला लावून हसायची. “जेवले वं माय, जेवले. तू जेवली का?” दोघींना एकमेकींचं बाकी अक्षर कळायचं नाही, तरी त्यांच्याच गप्पा लांबायच्या. मी मागून ओरडायची, आता मले तरी बोलू द्या.

भूकंपाची बातमी मी शोरूममधल्या टीव्हीवर पाहिली. सोफ्यावर एक जोडपं गाडीचा रंग ठरवत बसलं होतं. पडद्यावर पडलेली घरं, फाटलेला रस्ता, अन् खाली गावाचं नाव. आमच्या भावाच्या गावाचं. मी फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. ते जोडपं पांढऱ्यावर आलं.

साहेब म्हणाले, घरी जायचं असेल तर जा. मी म्हटलं नको. घरी जाऊन काय करू, घरी आई होती. तिने बातमी शेजारच्या टीव्हीवर आधीच पाहिली होती. संध्याकाळी मी गेले तर ती गॅससमोर उभी, अन् कढईत आलूबोंडे. परात भरून आलूबोंडे! दोन माणसांच्या घरात!

“आई, कोण खाईन हे?”

“खातीन कोनीबी.”

दुसऱ्या दिवशी मिरचीचे भजे. तिसऱ्या दिवशी कोथिंबिरीची सांबारवडी. तेल आटलं की नवीन ओतायची. भावाचं नाव घेत नव्हती, रडत नव्हती. मला समजायला वेळ लागला, पण समजलं. जोवर कढई चढलेली आहे तोवर या घरात कोणी गेलेलं नाही. मग मीही गुपचूप कांदे चिरून द्यायची.

मला स्वतःला काय वाटत होतं, असं नंतर पुष्कळांनी विचारलं. काही वाटत नव्हतं. अंगावर चिमटा काढला तरी दुखू नये, तसं होतं. जेवत होते, झोपत होते, वेणी घालत होते. देवाजवळ हात जोडले तर काय मागायचं तेच सुचेना.

तिकडे शोरूममध्ये वेगळंच सुरू झालं. तिकडचे कारखाने बंद, भाग येणार नाहीत, म्हणून गाड्या अडकल्या. साहेबांनी सांगितलं, ज्यांच्या गाड्या लांबणार त्यांना फोन कर, अन् आवाज गोड ठेव. मग मी दिवसभर तेच म्हणत बसले, “नमस्कार, भूकंपामुळे आपल्या गाडीला उशीर होतो आहे, त्याबद्दल दिलगीर आहोत.” मधल्या वेळात भावाचा नंबर. बंद. पुन्हा नमस्कार, भूकंपामुळे.

सोनाळ्याकडचे एक काका होते, संत्र्याच्या बगीच्यावाले. दसऱ्याला गाडी दारात उभी करीन असं त्यांनी साऱ्या गावाला सांगून ठेवलं होतं. ते भडकले. “भूकंप जपानात झाला का सोनाळ्यात झाला? माही गाडी काऊन अडली मंग? मले काय खुळं समजता का तुम्ही?”

मी त्याच गोड आवाजात म्हटलं, “काका, तुमच्या गाडीतला एक भाग तिथल्या कारखान्यात बनतो. माझा भाऊ तिथंच कामाला आहे. त्याचाही फोन लागत नाही. दोन्हीचं काही कळलं की कळवते.”

काकांनी फोन ठेवला. मी पुढचा लावला.

दुसऱ्या दिवशी काका आमच्या घरी. शोरूममध्ये पत्ता विचारून आले होते. गळ्यात पांढरं उपरणं, मान खाली, चप्पल पार बाहेर काढलेली. येऊन उंबऱ्याजवळ जमिनीवरच टेकले. पाणी दिलं तर हातानेच नको म्हणाले. मी उभी पेटले. हे बसायला आले होते! मयतीच्या घरी बसायला येतात तसे! मी तोंड उघडणार एवढ्यात आई आतून आली अन् गरम भज्यांची प्लेट तिने त्यांच्या हातात ठेवली.

“खुर्चीवर बसा, भाऊ. खाली काऊन बसले? चाय ठेवला आहे.”

काकांनी प्लेटकडे पाहिलं. मग आत, गॅसवरच्या कढईकडे पाहिलं. तेल कडकडत होतं. आमच्याकडच्या माणसाला याच्यावर आणखी काही सांगावं लागत नाही. ते उठले, उपरणं काढून खिशात कोंबलं, खुर्चीवर बसले अन् सगळे भजे खाल्ले. चहाही प्यायले. जाताना दारातून मोठ्याने म्हणाले, “येतो मंग, ताई!” मयतीच्या घरून निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत. ते मुद्दाम म्हणाले, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं. आईचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा जरा सैल झाला. मीही मनातल्या मनात काकांना माफ केलं.

भावाचा फोन आला तो शोरूमवरच. अनोळखी नंबर होता. मी उचलला अन् तोंडातून आपोआप सुरू झालं, “नमस्कार, भूकंपामुळे आपल्या गाडीला उशीर...”

“ताई,” तो म्हणाला, “मी बोलून राह्यलो.”

मी तरी “त्याबद्दल दिलगीर आहोत” इथपर्यंत गेले, मगच थांबले.

तो बरा होता. एका शाळेच्या हॉलमध्ये बाकीच्यांसोबत झोपत होता. फोन मोडला होता, हा दुसऱ्या कोणाचा. कारखाना उभा होता, पण मशिनी जागच्या सरकल्या होत्या. केसभर सरकली तरी पुन्हा मोजून मांडावी लागते, म्हणाला. सगळं तो असंच सांगत होता, कोरडं, वर्तमानपत्र वाचल्यासारखं. शेवटी त्याच आवाजात म्हणाला, “काकू गेली. तिची सुट्टी होती त्या दिवशी. जुनं लाकडी घर होतं. आईले तू सांगजो.”

मी घरी जाऊन आधी चांगलं सांगितलं. आई मटकन खाली बसली, देव्हाऱ्याकडे तोंड करून हात जोडले. मग दुसरं सांगितलं.  ती उठली, गॅस बंद केला, कढईतलं तेल डब्यात गाळलं, कढई राखेने लख्ख घासली अन् मला म्हणाली, “माळ्यावर टाक.”

काकांना मी फोनवर एवढंच कळवलं होतं, भाऊ बरा आहे. ते संत्र्याची थैली घेऊन हसतच आले. “ताई, आज तं गोड पायजे! पुऱ्या तया, पुऱ्या!” आत पाहिलं तर गॅसवर साधं वरण, वर फोडणीचा थेंब नाही. ते चपापले. “काऊन? पोरगं तं बरं आहे ना?”

“बरं आहे,” आई म्हणाली. “पन ते बाई गेली, त्याच्या बाजूची. ते रोज विचारे मले, जेवली का म्हनून. त्याईच्यात सुतक पायतात का नाई, मले मालूम नाई. आपल्यात पायतात ना.”

 काकांनी थैली कोपऱ्यात ठेवली, थोडा वेळ जमिनीवर बसले अन् हात जोडून निघून गेले. जाताना ‘येतो’ म्हणाले नाहीत.

तेरवीच्या आतच भावाला कारखान्यात मशिनी पुन्हा मांडायला बोलावलं. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याचा कॉल आला. त्याच्या मागे काकूची मशीन दिसत होती, वर कापड टाकलेलं. आईने विचारलं, “जेवला?”

“हो. तुम्ही काय केलं आज?”

“वरन-भात.”

“फोडनीचं?”

“नाई. फोडनी नाई देल्ली.”

“काऊन?” म्हणाला, अन् मग त्याने आमच्या मागे पाहिलं. कढईची खुंटी रिकामी होती. त्याचं तोंड वाकडं झालं. इतके दिवस वर्तमानपत्र वाचणारा माझा भाऊ सगळ्यांसमोर, सेफ्टीची टोपी घालून, हमसून हमसून रडायला लागला. आईने त्याला थांबवलं नाही. मी फोन धरून उभी होते, अन् त्याच हाताने डोळे पुसायला गेले तशी आई म्हणाली, “नीट धर वं, पोरगं दिसून नाई राह्यलं.”