आईच्या डब्यातला पिवळा दोरा

शरीररचनाशास्त्र विभागाला पन्नास वर्षं झाली म्हणून विद्यापीठाने त्याचा जाडजूड इतिहास छापला. आत विभागप्रमुख झालेल्या तीन प्राध्यापकांचे पानभर फोटो आहेत. माझ्या बाबांचं नाव औषधालाही नाही.

बाबा अडतीस वर्षं त्या विभागात शिपाई होते. मृतदेह फॉर्मालिनमध्ये ठेवायचं काम त्यांचं, आणि मुलांना शिकवायला हातापायांची एकेक नस सोडवून काढायचं कामही त्यांचंच. पहिल्या साहेबांना वास सोसायचा नाही, दुसऱ्यांचे हात थरथरायचे आणि तिसऱ्यांना भाषणं ठोकण्यातून सवड नसायची. सोडवलेल्या अवयवाची बरणी तयार झाली की तिच्यावर आपल्या नावाची चिठ्ठी डकवायला मात्र तिघेही न चुकता हजर. बोटांची सालं निघाली ती बाबांची.

सोडवलेल्या नसेला बाबा पिवळा दोरा बांधायचे, आईच्या शिवणाच्या डब्यातला. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर बरणीतला एक हात आहे. त्यावर तोच दोरा आहे, आणि खाली तिसऱ्या साहेबांचं नाव.

प्रकाशनाला बाबांना शेवटच्या रांगेत बसवलं. कार्यक्रम संपल्यावर तिसरे साहेब स्वतः चालत आले, तेव्हा मला वाटलं, निदान आभार तरी मानतील. त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता देहदानाचा फॉर्मही भरून टाका. विभागाची तेवढीच शेवटची सेवा!"

बाबांनी तो हात खांद्यावरून अलगद खाली ठेवला.

"भरतो की, साहेब. पण मीच टेबलावर आडवा झाल्यावर कापणार कोण?"