अण्णानं सांगितलेले पिक्चर

आमच्या अव्वानं चाळिशी ओलांडेपर्यंत एकही पिक्चर थेटरात बसून बघितला नव्हता, आणि तरी लातुरात तिच्याइतके पिक्चर माहीत असलेली दुसरी बाई नसेल. अव्वा म्हणजे आमची आई. आमच्या लिंगायत घरात आईला अव्वा, वडलांना अप्पा आणि थोरल्या भावाला अण्णा म्हणायची पद्धत. अप्पांचं गंजात, म्हणजे बाजारपेठेत, किराणा दुकान होतं, आणि घरातल्या बाईनं थेटराची पायरी चढायची नाही हा त्यांचा कायदा होता. तो कुठं लिहिलेला नव्हता, त्यामुळं त्याच्यातनं पळवाट काढायचीही सोय नव्हती.

पळवाट काढली ती अण्णानं. तो नांदेडला कापडाच्या दुकानात नोकरीला होता. आठवड्याला एक पिक्चर बघायचाच. रविवारी सकाळच्या एसटीनं घरी आला, की हातपाय धुवायच्या आधी चुलीपाशी पाट ओढून बसायचा. अव्वा भाकरी थापायची आणि हा पिक्चर सांगायचा. सांगायचा म्हणजे काय, करूनच दाखवायचा. मारामारी आली की उलथनं घेऊन उभा राहायचा, नायिका आली की माझी ओढणी डोक्यावर घ्यायचा, आणि पाऊस आला की तांब्यातलं पाणी माझ्या अंगावर उडवायचा. मी ओरडायचे, "अरे, पाणी काय फुकट आलंय का!" अव्वा मात्र हातातली भाकरी तव्यावर टाकायची विसरायची.

पिक्चरची खरी नावं दोघांनाही लागायची नाहीत. त्यांची घरातली नावं वेगळी. दोन सवतींचा. आंधळ्या वकिलाचा. फाटकवाल्याचा. आणि अव्वाच्या लेखी पिक्चरच्या जाती पाच: रडका, मारामारीचा, देवाचा, हसायचा आणि भुताचा. भुताचा ती सांगूच द्यायची नाही. "नको रं बाबा, मला एकटीला परसात जावं लागतंय." बाकी सगळे चालायचे. अण्णा म्हणायचा, "अव्वा, हा तर बघायलाच पाहिजे असा हाय." ती म्हणायची, "तू सांगितलास, म्हंजे मी बघितला."

नवे पिक्चर नांदेडला आधी लागायचे. आमच्याकडं यायला चार-सहा महिने, कधी वर्ष जायचं. लातुरातल्या भिंतीवर पोस्टर चिकटायच्या आत आमच्या स्वयंपाकघरात तो पिक्चर उतरलेलाही असायचा. मला ह्याचा मोठा तोरा होता. वर्गातल्या मुलींना मी पुढची गोष्ट आधीच सांगून टाकायचे आणि शिव्या खायचे.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच उस्मानाबादपासून वेगळा झालेला. जिकडंतिकडं नव्या पाट्या, नव्या कचेऱ्या, साहेबांच्या जीपा. आम्ही आता जिल्ह्याच्या गावचे झालो म्हणून लोक मिशीला पीळ देत होते. जिल्हा आला, पाणी काही आलं नाही. पावसानं पाठ फिरवलेली, विहिरींना तळ दिसायला लागलेला. नळ आठ-आठ दिवस कोरडा आणि चौकात टँकरपुढं घागरींची ही भली मोठी रांग. त्या उन्हाळ्यात नांदेडला अण्णाला कावीळ झाली.

आधी त्यानं अंगावर काढली. मग झाडपाल्याचं औषध घेतलं. मग दवाखान्यात ठेवावं लागलं. अप्पा गेले, आणि मागनं अव्वाही मामाबरोबर गेली. मी घरी राहिले, कारण पाण्याला कुणीतरी पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला अव्वा परत आली. म्हणाली, "उतार हाय." माझा जीव भांड्यात पडला.

चौथ्या दिवशी अण्णाला जीपमधनं आणलं. चादरीत.

आमच्यात बसवून माती देतात. अव्वानं ते सगळं उभं राहून बघितलं. डोळ्यांत टिपूस नाही. बायका ऊर बडवत होत्या आणि ही त्यांना प्यायला पाणी देत होती. आत्या म्हणाली, "अगं रड की गं, दगडाची हाईस का?" अव्वा म्हणाली, "येत न्हाई." महिना गेला, दोन महिने गेले. ती भाकरी थापायची, झाडलोट करायची, विचारलं तेवढं बोलायची. जेवण चिमणीएवढं. गळ्याची हाडं वर आली होती.

आणि मी? खरं सांगायचं तर मला तिचा राग येत होता. दवाखान्यात पोरगं टाकून कुठली आई दुसऱ्या दिवशी घरी येते? पाण्याच्या घागरीसाठी? तोंडानं मी हूं की चूं केलं नाही, पण तिनं ताटात भाकरी वाढली की मला ते आठवायचं.

शेजारी शिंप्याचं मुसलमान घर होतं. त्यातल्या म्हाताऱ्या बाईला आम्ही खाला म्हणायचो. आख्ख्या गल्लीत पिक्चरची खरी शौकीन तीच. तिनं एक दिवस मला कुंपणापाशी गाठलं. "पोरी, अव्वा कू रुलाव. नै रोयेंगी तो मर जायेंगी. मेरी बहन ऐसीच गयी." मी म्हटलं, रडवू कशी? खाला म्हणाली, "पिच्चर दिखाव. रोने का."

मी म्हटलं, खाला, डोकं ठिकाणावर आहे का? घरात माती होऊन वर्ष व्हायचंय, सणवार बंद, रेडिओ बंद. अप्पांना कळलं तर उभी चिरतील. खालानं हात झटकला. "तेरे अप्पा कू क्या मालूम, टँकर पे कित्ता टाइम लगता."

आणि खरंच की! पाण्याला गेलेली बाई तीन तास परत आली नाही तरी त्या साली कुणी विचारत नव्हतं. ठरलं. दुपारी बाराचा खेळ. आम्ही दोघी घागरी घेऊन निघायचं, घागरी खालाच्या हवाली करायच्या, आणि आम्ही थेटरात असेपर्यंत तिनं आमच्या वाटची रांग धरायची. म्हातारी उन्हात उभी राहिली, आमच्यासाठी. तिला स्वतःला पिक्चरसाठी जीव टाकायची सवय, पण त्या दिवसांत तिनं एकही बघितला नाही.

अव्वाला मी सांगितलं, "चल." कुठं, का, काही विचारलं नाही तिनं. तेव्हा ती कुठंही आली असती.

निवड माझी होती, आणि निवडीला एकच अट: अण्णानं सांगितलेला नको. तो बघून ती रडली नसती, तिचं काळीजच फाटलं असतं, असं मला वाटायचं. पहिला रडका घेतला. पोस्टरवर पांढऱ्या साडीतली आई आणि चार दिशांना चार मुलं. बायकांच्या बाजूला नुसता हुंदक्यांचा पूर. माझ्या शेजारणीनं तर पदर पिळला. अव्वानं शेवटपर्यंत नीट बघितलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "एवढं रडून तिचं कुंकू कसं फिसकटलं न्हाई?"

मग देवाचा घेतला. अव्वानं चपला काढून सीटखाली ठेवल्या, देव दिसला तेव्हा हात जोडले, आणि मध्यंतरानंतर हात खाली घेतले ते घेतलेच. हसायच्या पिक्चरला सगळं थेटर खदखदत होतं आणि ती पडद्याऐवजी हसणाऱ्या लोकांकडं बघत होती. मारामारीच्या पिक्चरला तिला झोप लागली. बंदुका धाडधाड चाललेल्या आणि ही माझ्या खांद्यावर मान टाकून घोरतेय! दोन महिन्यांत मी तिला झोपलेली बघितली नव्हती. मी श्वाससुद्धा जपून घेतला. खांदा अवघडला, पण हलले नाही.

पाचवा निवडला तेव्हा माझ्याकडं काही उरलं नव्हतं. पोस्टरवर डोंगर, धूर आणि एका माणसाचं हसरं तोंड. नाव काहीतरी जड हिंदीतलं. कसला आहे ते कळेना. खाला म्हणाली, जाव, ठंडे में बैठके आव. गेलो.

दहा मिनिटं झाली असतील. पडद्यावर रेल्वेचं फाटक आलं. खाकी कपड्यातला एक माणूस हिरवा झेंडा दाखवून शिट्टी मारत होता. अव्वानं माझं मनगट धरलं, असं धरलं की बांगडी रुतली.

"अगं, हा आपला हाय. फाटकवाल्याचा!"

घरातल्या नावांचा हा घोळ. अण्णानं कधी खरं नाव सांगितलंच नव्हतं, मला पोस्टरवरनं कळणार तरी कसं? मी म्हटलं, "अव्वा, उठ, जाऊ." पण ती कसली उठते! ती पुढं सरकून बसली होती. दोन महिन्यांत मिळून बोलली नसेल तेवढं ती बोलायला लागली. "आता बघ, त्याची बायको डबा घेऊन येती. आता बघ, डब्यात मीठच नसतंय." आणि डब्यात मीठच नव्हतं. एकेक वाक्य अण्णाचं, त्याच्याच लकबीत. पुढच्या रांगेतल्या बाईनं वळून "गप बसा की वो मावशी" म्हटलं. थोड्या वेळानं तीच बाई कान मागं करून बसली.

शेवटाला फाटकवाल्याची लहान पोरगी करडू शोधत रुळावर गेली. घंटा वाजली. अव्वा मला म्हणाली, "भिऊ नको. पोरीला तो ढकलतो, आन् सोता कडंच्या चरात पडतो. मंग काटे झाडत उठतो, आन् टोपी हुडकत बसतो." टोपी हुडकण्याचा भाग अण्णानं आमच्या स्वयंपाकघरात ताटाखाली, चुलीमागं, माझ्या वेणीत हात घालून करून दाखवला होता. आम्ही तिघं पोट धरून हसलो होतो.

पडद्यावर इंजिन गेलं. पोरगी उभी होती. चर रिकामा होता.

"उठतो आता," अव्वा म्हणाली.

रुळाकडेला टोपी पडलेली. बायको धावत आली. गाणं सुरू झालं, संथ, आणि अक्षरं आली. दिवे लागले. लोक उठले.

"थांबा की, राहिलंय अजून," अव्वा म्हणाली. सगळे गेले तरी ती हलेना. दारावरचा माणूस आला. अव्वा त्याच्यावरच तुटून पडली. "तुम्ही रीळ कापलंय. माझ्या लेकानं नांदेडात पुरा बघितलाय. तो उठतो." रीळ कापतात हे लातुरात सगळ्यांना ठाऊक होतं, पुढच्या खेळाची घाई असली की एखादं गाणं गायबच. पण तो माणूस भला होता. टोपी काढून म्हणाला, "मावशी, गाणं कापतात. शेवट कोण कापंल? हा सगळीकडं असाच संपतोय. मरतोच तो."

अव्वा बाहेर आली आणि थेटराच्या पायरीवर, भर उन्हात बसली. मी पुढ्यात उभी. ती बोटं मोजल्यासारखं पुटपुटायला लागली. दोन सवतींतली धाकटी विहिरीतनं निघती. वकिलाला डोळे येतात. "एक बी मेला न्हाई गं," ती म्हणाली. "इतके पिक्चर सांगितले त्यानं, एक माणूस मरू दिला न्हाई. मरू दिला असता तर मी जेवले नसते, म्हणून."

मी उन्हाला आडोसा म्हणून तिच्या डोक्यावर माझी ओढणी धरली.

"नांदेडला मी त्याच्या उशाशीच बसले व्हते. उठायचं माझ्या मनात बी नव्हतं. तर मला म्हणला, अव्वा, ऐक. सकाळी डॉक्टर आले, रगत बघितलं, आन् हसले. म्हणले, ह्याला काय धाड भरलीय? गुरुवारी सुट्टी. डॉक्टरचा आवाज काढून दाखवला गं त्यानं, चष्मा पुसतो तसं केलं. म्हणला, तू जा, पोरगी एकटी पाण्याला उभी राहती, चक्कर येऊन पडंल. मी रविवारी येतो. मी हसले. हसून उठून आले."

पोरगी म्हणजे मी. माझ्यासाठी आली होती ती. आणि मी दोन महिने तिच्या हातची भाकरी रागानं गिळत होते.

मी त्याच पायरीखाली धुळीत फतकल मारली आणि तोंड उघडं टाकून रडले. "अव्वा, मला माफ कर" असं काहीतरी म्हणत होते, शब्द लागत नव्हते. कशाची माफी ते तिला माहीत नव्हतं. तिनं मला मांडीवर ओढलं, पदरानं माझं नाक पुसलं, आणि पुसता पुसता तिचा हात थांबला. मग तिच्या पोटातनं एक आवाज आला, आणि ती रडली. अण्णाचं नाव घेऊन रडली. मोठ्यानं, गावच्या बाया रडतात तशी, हेल काढून.

तीनच्या खेळाला आलेल्या बायका भोवती थबकल्या. त्यांतली एक दुसरीला म्हणाली, "बया, लईच रडका दिसतोय. चल, हाच बघू."

अव्वानं ते ऐकलं. डोळे वाहतच होते, नाक लाल झालं होतं. मान वर करून ती त्या बाईला म्हणाली, "जावा बाई, चांगला हाय. पण शेवटाला घंटा वाजली की उठून या. म्होरं काय न्हाई. पोरगी वाचती, आन् तो टोपी हुडकत बसतो."