केनिया, क्रिकेट आणि ताईची सुपारी

माझ्या बहिणीची सोयरीक केनियामुळे मोडता मोडता राहिली.

केनियाचा यात काडीचाही दोष नाही, हे मी जाहीरपणे नमूद करते.

लोणखेड्याला आमच्या घरी अक्कलकुव्याची मंडळी सुपारी फोडायला आली होती. सुपारी फुटली की सोयरीक पक्की, मग जेवणं. आतली गोष्ट घरात फक्त मला ठाऊक होती : वैशूताई आणि नवरदेव प्रशांत कॉलेजपासून एकमेकांना ओळखत होते आणि हे ‘स्थळ’ दोघांनीच मध्यस्थाला पढवून आणवलं होतं! पण प्रशांतचे आजोबा, म्हणजे आबा, प्रेमविवाहाचं नाव काढलं तरी पंगतीतून उठून जाणारे. म्हणून दोघं एकमेकांकडे जनगणनेला आलेल्या मास्तरांकडे बघावं तसं बघत बसली होती.

“आज पत्रक नाही, घोषणा नाही. तू फक्त गप्प बस,” ताईने सकाळीच हात जोडले होते. मी कबूल केलं होतं. (कार्यकर्त्याने शब्द द्यावा, पण मुदत सांगू नये.)

पाट मांडेपर्यंत वेळ जावा म्हणून आमचा मामा म्हणाला, “काही म्हना, जगमा खेळाडू ते आपलाच! क्रिकेट देखा!”

प्रशांतचे वडील खुर्चीतून पुढे सरकले. “क्रिकेट? अर्धा दिन उभं ऱ्हावानं, मधमा चहा पेवाना! खरा खेळाडू केनियाना. मी मोबाइलवर रोज देखस. काय पयतस!”

“पयनं म्हंजे खेळ शे का? कुत्रं मांगे लागनं तर मी बी पयस!”

“मंग पयी दाखाडा!”

आबांनी काठी आपटली. “दोन्ही चूप! कुस्ती! मातीमा उतरस तोच खेळाडू!”

झालं! क्रिकेट, केनिया आणि कुस्ती असे तीन पक्ष पडले. आतून पुरणाच्या मांड्यांचा वास येत होता, पण कोणी माघार घेईना. आईने अडकित्ता पुढे केला, तर आबांनी हात आडवा धरला. “थांबा. आमना घरमा वाद अर्धा ठेईसन सुपारी फोडतस नही. पहिले एकमत करा.”

एकमत! हा शब्द कानावर पडला आणि मी उठले. ताईने माझी ओढणी ओढली. मी ओढणी सोडली, मुद्दा सोडला नाही.

“प्रश्नच चुकीचा आहे!” मी म्हणाले. (पिशवीत पत्रकं होतीच.) “कोणता देश मोठा हे कसलं विचारता? मोलगीची पोरं डोंगर चढून शाळेला जातात. त्यांना धावायला मैदान कोणी दिलं? आपल्या मैदानावर वर्षभर लग्नाचे मंडप! निषेध!”

“व माय, मंडपले कसाले बोलस?” आई कळवळली. “आपलाच लागनार शे आते!”

पण मला आता थांबा दिसत नव्हता. “आणि तुमच्या तिन्ही पक्षांत बाई कुठे आहे? इथल्या एकाही पुरुषाला आपल्या तालुक्यातल्या एका तरी खेळाडू मुलीचं नाव येतं का? आहे का कोणी माईचा लाल?”

आणि प्रशांत ताडकन उभा राहिला. “येतं ना! वैशू! आठशे मीटरला कॉलेजात सगळ्यांच्या पुढे असायची. शेवटच्या वळणावर अशी सुटायची की…”

तो थांबला. त्याने जीभ चावली.

“अन तू तठे काय करी ऱ्हायंता रे?” आबांनी विचारलं.

“मी… घड्याळ धरायचो, आबा.”

आबा काठी घेऊन उठले. मामा दाराकडे धावला, व्याही कपाळाला हात लावून बसले, ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी परिस्थिती सावरायला “स्त्रीचा निवडीचा हक्क” एवढंच म्हटलं, तर मामा गरजला, “हाई धाकलीनी बठ्ठं बिघाडं!”

“एकदम खरं!” केनियाचे व्याही म्हणाले.

“हिनं तोंड कोन उघाडं?” आई.

“मी तर सकाळीच सांगितलं होतं,” ताई.

आबा उंबऱ्यावर थबकले. मागे वळले. “बठ्ठासले पटस? की चूक हाई पोरनी शे?”

“पटस!” दोन्ही घरं एका सुरात.

आबांनी एकदा नातवाकडे पाहिलं, एकदा ताईकडे आणि जरा जास्त वेळ स्वयंपाकघरातल्या मांड्यांच्या दिशेने. “मंग एकमत व्हयनं. फोडा सुपारी.”

सुपारी फुटली. लगेच आबांनी दुसरा ठराव मांडला : लग्नात धाकटीच्या हाती माइक द्यायचा नाही. तोही मंजूर झाला, विरोधात एकही हात नव्हता. चळवळीत आल्यापासून मी घडवून आणलेलं हे पहिलंच एकमत. आणि सगळ्यात आधी वर गेलेला हात, आठशे मीटरच्या वेगाने, माझ्या सख्ख्या बहिणीचा होता!