समोरच्या बाईंचं एक स्पॅनिश वाक्य

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या निवृत्त शिक्षिकाबाईंइतकं काळजी करणारं माणूस सबंध पनवेलात दुसरं सापडायचं नाही. इथं जवळच पळस्प्याला लग्न असलं की त्या आदल्या दिवशी जाऊन हॉल बघून येत. गॅस बंद केलाय की नाही हे पाहायला एकदा जिन्यातून तीनदा परतल्या आणि चौथ्यांदा मला पाठवलं. अशा बाईंना स्पेनमध्ये राहणाऱ्या नातीच्या शाळेनं व्हिडिओ कॉलवर बोलावलं. आजी-आजोबांनी आपण काय काम केलं ते एका वाक्यात सांगायचं, तेही स्पॅनिशमध्ये. झालं! स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या. शिक्षक तो 'माएस्त्रो', शिक्षिका ती 'माएस्त्रा'. तसंच 'प्रोफेसोर', 'प्रोफेसोरा'. पंधरा दिवस भाजी चिरतानासुद्धा हेच पुटपुटणं. "आपल्याकडे तीन लिंगं, तरी कधी अडलं नाही," त्या म्हणत, "यांची दोनच, आणि मला घाम फुटतोय." 'दोसेन्ते' हा शब्द दोघांनाही चालतो, असं मी शोधून सांगितलं. तर म्हणाल्या, "चौतीस वर्षं मुलांना नेमकं बोला म्हणून सांगितलं. आता मीच पळवाट काढू?"

कॉलच्या दिवशी दुपारी त्यांनी धीराला म्हणून मला शेजारी बसवलं. पडद्यावर वीसेक मुलं दिसली, नात हात हलवत होती. इस्त्रीची साडी सावरत बाई उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सोय माएस्त्रो." म्हणजे, मी शिक्षक आहे. मुलं हसली. "माएस्त्रा, आजी," नात म्हणाली. बाईंनी वाक्य सुधारून म्हटलं, टाळ्याही पडल्या.

कॉल संपल्यावर त्या उठून डब्यांवरच्या चिठ्ठ्या एकेक करून काढू लागल्या. मी चहा करून आणला.

"मुलं हसली म्हणून वाईट वाटलं का?"

"नाही हो. लहान आहेत ती." मग म्हणाल्या, "माझ्या वर्गात एक मुलगी होती, माझ्याच माहेरच्या आळीतली. 'आमी', 'तुमी' म्हणायची. 'आम्ही' नीट येईपर्यंत तिला खाली बसू द्यायचे नाही मी. वर्ग हसायचा. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आलीच नाही."

"तुम्ही गेला नाहीत तिच्या घरी?"

"नाही गेले. कुठल्या तोंडानं जाणार? आमच्या घरी तरी काय, आमी तसंच बोलायचो."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'आमी' मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी ते दुरुस्त केलं नाही.