बाबांची झोप

जबलपूरच्या आमच्या क्वार्टर्सच्या रांगेत ज्यूंचं घर एकच, आमचं. शेजारची मराठी मंडळी आम्हाला आपल्यातलीच समजत. फक्त शनिवारी, आमच्या विसाव्याच्या दिवशी, आमच्याकडे चूल का पेटत नाही, हे दर नव्या शेजारणीला नव्यानं सांगावं लागे. बाबा लष्करी कारखान्यात फिटर होते. सिनेगॉग पार मुंबईला, त्यामुळे धर्म आम्हाला बाबांनीच शिकवला, तोही जेवताना, घासाघासाला एक नियम. आईवडिलांचा मान राखणं ही देवाची आज्ञा. म्हणजे बापाच्या खुर्चीवर बसू नये, त्याचं बोलणं खोडून काढू नये, आणि तो झोपला असेल तर त्याला उठवू नये.

पहिले दोन नियम माझ्याच्यानं कधी पाळले गेले नाहीत. मी तोंडाळ होते, आणि खिडकीजवळची बरी खुर्ची नेमकी बाबांचीच होती. तिसरा मात्र मी कडक पाळायची. आई गेल्यापासून घर माझ्या हाती होतं. एकाहत्तरच्या लढाईच्या तयारीत कारखाना रात्रंदिवस चालू लागला, तेव्हा बाबा सकाळी घरी येत आणि चार घास खाऊन आडवे होत. मग मी दाराबाहेर स्टूल टाकून बसायची आणि भाजीवालीला हातानंच परतवायची. भाऊ फौजेत होता. सुट्टीवर आला की चिडवायचा, "हिला कारखान्याच्या गेटवर उभी करा. चिटपाखरू आत जाणार नाही."

त्या थंडीत एका दुपारी शेजारचा रेल्वेतला भैया धापा टाकत आला. "दीदी, तुम्हारा भाई स्टेशन पे है. फौजी गाड़ी रुकी है, पौन घंटा रुकेगी. बाबूजी को लेके चलो."

मी आत गेले. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. लागोपाठ दोन पाळ्या झाल्या होत्या, हातांना अजून ग्रीसचा वास होता. मी खांद्यापर्यंत हात नेला आणि मागे घेतला. भाऊ काय, आठ-पंधरा दिवसांत येईलच, असं वाटलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला स्वतःचा अभिमान वाटला. डब्यात पोळ्या आणि बटाट्याची भाजी भरली आणि भैयाच्या सायकलवर मागे बसून निघाले.

भाऊ डब्याच्या दारातच उभा होता. माझ्या मागे बघत म्हणाला, "बाबा काय करून राहिले?"

"झोपले आहेत. डबल ड्यूटी झाली. म्हणून नाही उठवलं."

"बरं केलं," तो म्हणाला. उभ्यानंच दोन पोळ्या खाल्ल्या, माझी वेणी ओढली. बोलता बोलता त्याची नजर सारखी फाटकाकडे जात होती. गाडी हलली तरी तो तिकडेच बघत होता.

चार वाजता बाबा उठले. मी सांगितलं. गाडी केव्हाच गेली, असं मी दोनदा म्हटलं, तरी त्यांनी सायकल काढली आणि स्टेशनवर जाऊन आले.

लढाई लवकरच संपली. भाऊ आला नाही, तार आली. तेव्हाही बाबा झोपले होते. त्या दिवशी मात्र मी त्यांना उठवलं.

कद्दीश, म्हणजे गेलेल्यासाठीची प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागतात. जबलपुरात तेवढे ज्यू कुठून आणणार? सुतकाचे सात दिवस बाबा घरातच जमिनीवर बसून राहिले. त्यातल्या एका दिवशी मी विचारलं, "बाबा, मी तुम्हाला उठवायला हवं होतं ना?"

"काहून?" बाबा म्हणाले. "नियमच आहे तसा. तू माझा मान राखला, पोरी."

त्या एका वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली.

म्हातारपणी बाबा मुंबईला धाकट्या काकांकडे गेले आणि तिथेच वारले. सुतकात आम्ही सगळे जमिनीवर बसलो होतो. लोक बाबांच्या आठवणी सांगत होते, तशी मीही सांगितली. म्हटलं, बाकी काही जमलं नाही, पण तार आली तो दिवस सोडला तर बाबांची झोप मी कधी मोडली नाही, भाऊ स्टेशनवर आला होता तेव्हासुद्धा नाही.

काका हळूच म्हणाले, "नियम तेवढाच नाही गं. न उठवल्यानं बापाचं नुकसान होणार असेल, मागाहून त्याच्या जिवाला लागणार असेल, तर त्याला उठवायचं. तेव्हा उठवण्यातच त्याचा मान असतो."

इतकी वर्षं मी अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले होते. "तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

"तुझ्या बापानंच," काका म्हणाले. "मी शाळेत होतो तेव्हा."

म्हणजे त्या दुपारी सायकल काढताना बाबांना पुरा नियम ठाऊक होता. आणि जमिनीवर बसून मला उत्तर देतानाही.