ताईला आणायला सिंगापूरला

मी सिंगापूरला निघाले ती देश बघायला नाही, ताईला आणायला. सत्तरच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं होती. आम्ही तेव्हा ईलिंगमध्ये राहत होतो. माझे यजमान डॅनियल लंडनमध्ये लाल डबलडेकर बस चालवायचे आणि मी एका ऑफिसात टायपिस्ट होते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. आई लवकर गेली, त्यामुळे मला वाढवलं ते माझ्या थोरल्या बहिणीनं, रिबेकाताईनं. लग्न होऊन ती सिंगापूरला गेली, मागाहून आम्ही इंग्लंडला आलो, आणि त्यानंतर आमची गाठ पडली नव्हती.

सॉलोमन भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, तिकडे रस्तेखात्यात ओव्हरसियर होते. ते वारले. ताईला मूलबाळ नाही. त्यातच कळलं, की ती राहते ती वाडी एका नव्या मोठ्या रस्त्यात जाणार आहे.

"एकटी बाई तिथे काय करणार?" डॅनियल म्हणाले. "घेऊन ये तिला. मागची बेडरूम मी रंगवून ठेवतो."

सिंगापूरला विमानाचं दार उघडलं आणि भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढावं तशी वाफ तोंडावर आली. लंडनहून अंगात घातलेला लोकरीचा कोट मी हातावर घेतला आणि पुढचे सगळे दिवस तो माझ्या डोळ्यांसमोर खुंटीवर लोंबकळत राहिला. बाहेर ताई उभी होती. सुती पाचवारी, पांढरे झालेले केस, पण उभं राहायची ढब तीच, एक हात कमरेवर. आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडलो ते सुटेचनात. तिच्याशेजारी लुंगीसारखा सारोंग आणि सैल झंपर घातलेली एक ठेंगणी मलाय बाई माझी बॅग घट्ट धरून उभी होती. तिचेही डोळे भरले होते.

"ही मीना," ताई म्हणाली. "माझी शेजारीण."

टॅक्सीतून जाताना मी शहराकडे बघत होते. लंडनमध्ये राहून मला वाटायचं, रस्ते ही आधीपासून असलेलीच गोष्ट आहे, आपण फक्त त्यांवरून जायचं. इथे मात्र रस्ते डोळ्यांदेखत तयार होत होते. लाल मातीचे ढीग, रोलर, खडीचे ट्रक, आणि त्या गदारोळातून घंटी वाजवत निवांत चाललेली तीनचाकी सायकलरिक्षा. पाट्यांवर सगळीकडे 'जालान' लिहिलेलं. मी विचारलं तर ताई म्हणाली, "जालान म्हणजे रस्ता. आणि लोरोंग म्हणजे गल्ली. एवढं आलं की इथे माणूस हरवत नाही."

ताईची वाडी (तिकडे तिला काम्पोंग म्हणतात) गेलांगच्या बाजूला होती. लाकडी घरं, वर पत्रे, मधूनमधून नारळ. अर्धी घरं आधीच पाडलेली. उरलेल्या घरांच्या मधोमध लाल मातीचा रुंद पट्टा पडला होता आणि मीना जिथे कपडे वाळत घालायची, त्या अंगणात मोजणीवाल्यांनी खुंट्या ठोकल्या होत्या. त्यातल्याच एका खुंटीला तिनं दोरी बांधली होती. बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोटारी न थांबता जातील असा तो रस्ता होणार होता.

मला रागच आला. ताई मात्र शांत होती.

"रस्ता कुणाच्या तरी अंगणातूनच जातो गं," ती म्हणाली. "ह्यांनी बांधले तेव्हा दुसऱ्यांची अंगणं होती."

मीना पलीकडच्या घरात राहायची, पण दोन्ही घरांचं स्वयंपाकघर एकच असल्यासारखं होतं. सकाळी ती केळीच्या पानात नासी लेमाक (नारळाच्या दुधात शिजवलेला भात) घेऊन यायची, सोबत तळलेली बारीक सुकी मासळी आणि लालभडक ठेचा. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, पण चव ओळखीची होती. "तिच्याही रश्श्यात नारळाचं दूध, आपल्याही," ताई म्हणाली. "आणि डुकराचं तिलाही चालत नाही, आपल्यालाही नाही. म्हणून तर एकमेकींच्या हातचं खाताना आम्हाला कधी विचारावं लागलं नाही." शुक्रवारी संध्याकाळी ताईनं शब्बाथचा, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या दिवसाचा, दिवा लावला, तेव्हा मीना डोक्यावरची ओढणी सारखी करत गप्प बसून राहिली. दिवा लागल्यावर तिनंच आधी 'शब्बाथ शालोम' म्हटलं, आणि ते अगदी ताईच्या हेलात.

मीना ताईला 'काक' म्हणायची. मी समजले, ताईचं काहीतरी टोपणनाव असेल.

मी तिकिटाचा, सामानाचा विषय काढला, की ताई म्हणायची, "हो, हो, करू. आज आधी तुला अमुक दाखवते." आणि आम्ही बाहेर पडायचो. तिनं मला सिंगापूर दाखवलं ते सगळं भावोजींच्या रस्त्यांवरून. बुकित तिमाचा लांबलचक रस्ता पाहिला, त्याच्या बरोबरीनं वाहणारा कालवा आणि त्यात पाय बुडवून बसलेली पोरं पाहिली. समुद्रकाठच्या रस्त्यावर पादचाऱ्यांसाठी बांधलेला पूल पाहिला. त्याच्या पायऱ्यांशी ताई थांबली, गुडघ्याला हात लावून म्हणाली, "तू वर जाऊन ये. मी खालून बघते." मी वर गेले. खाली मोटारींचा पूर वाहत होता, पलीकडे बंदरात होड्यांची दाटी झाली होती, आणि काठावर माझी ताई छत्री उंच धरून मला हात करत होती.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही मर्डेका पुलावर घालवला. मर्डेका म्हणजे स्वातंत्र्य. कालांगच्या खाडीवरून जाणारा हा पूल आणि त्याला जोडणारा निकोल हायवे, दोन्ही कामांवर भावोजी होते. बसमधून उतरून आम्ही कठड्याशी उभ्या राहिलो. खारा वारा येत होता.

"पूल खुला झाला त्या दिवशी ह्यांनी मला इथून चालत नेलं," ताई म्हणाली. "एवढी गर्दी! मला म्हणाले, रिबेका, जरा पाय आपट, बघ हलतो का."

"आपटलास?"

"आपटला की! नवी चप्पल तुटली माझी. मग अनवाणी घरी."

ती इतकी हसली, की शेजारून जाणारा एक चिनी म्हातारा थांबून आमच्याकडे बघून हसला. मला तेव्हा वाटलं, लंडनमध्ये ताईला असं हसायला कुठला रस्ता मिळणार? पण तो विचार मी झटकून टाकला.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच बाजारात गेले. बस ड्रायव्हरची बायको मी, मला बसची काय भीती! परतताना भलत्याच बसमध्ये बसले. खिडकीबाहेरची घरं संपली, रबराची झाडं लागली, तेव्हा कंडक्टरला काम्पोंगचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "आंटी, ते तर मागे राहिलं. आणि आता ते आहे तरी का?" त्यानं मला उतरवून परतीच्या बसमध्ये बसवलं. वाडीच्या तोंडाशी उतरले, तर ताई आणि मीना एकमेकींचा हात धरून रस्त्याच्या कडेला उभ्या. दोघींचे चेहरे पांढरेफटक. ताई मला रागावली ते मराठीत, आणि मीना मलायमध्ये. बोलणं बहुधा तेच असावं.

मग एके दिवशी आम्ही तिघी कॉजवे बघायला गेलो. कॉजवे म्हणजे समुद्रात दगडांचा भराव घालून केलेला रस्ता. सिंगापूरचं बेट तो पलीकडच्या मलेशियाला जोडतो. त्याच्यावरूनच आगगाडीचे रूळ जातात, कडेनं पाण्याचे जाडजूड नळ जातात. लॉऱ्यांची रांग लागली होती. एक आगगाडी समुद्रावरून हळूहळू पलीकडे गेली, आणि मीना ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. मग ती पाणी आणायला म्हणून दुकानाकडे वळली.

"तिचा मुलगा पलीकडे असतो, जोहोरला," ताई म्हणाली. "वाडी गेली की तिला तिकडेच जावं लागेल."

"चांगलंच आहे की. मुलाजवळ राहील."

"सुनेशी पटत नाही तिचं." ताई दुकानाकडे बघत म्हणाली, "सरकार नवे फ्लॅट देतंय. पण एकट्या बाईला देत नाहीत. घरचं कुणीतरी सोबत लागतं."

मला तेव्हा कुठे उमगलं. मी विचारलं, "ताई, तुला माझ्याबरोबर यायचं नाहीये का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "तू एवढ्या लांबून आलीस. मी नाही कसं म्हणू?"

मीना तीन बाटल्या घेऊन आली. आम्ही पाणी प्यायलो. खरं सांगते, मला मीनाचा हेवा वाटत होता. माझ्या बहिणीचा गुडघा कुठल्या हवेत दुखतो हे तिला माहीत होतं, मला नव्हतं. तरी घरी आल्यावर मी ताईची बॅग भरायला घेतली.

वाडीतल्या लोकांच्या पुनर्वसनाचं ऑफिस शहरात होतं. ताई देश सोडून जाणार, तिला जागा नको, असं तिथे जाऊन सांगायचं होतं. मीनाही आमच्याबरोबर आली. पंख्याखाली बाकांवर माणसं बसली होती. टेबलामागे चष्मा लावलेली एक तरुण चिनी मुलगी होती. थकलेली, पण आवाज मऊ.

"तुम्ही एकट्याच का, आंटी?" तिनं ताईला इंग्रजीत विचारलं.

ताईनं तोंड उघडायच्या आत मीना पुढे झाली. "एकटी नाही. मी आहे ना."

"तुम्ही कोण यांच्या?"

मीनानं ताईच्या पाठीवर हात ठेवला. "काकाक साया."

मुलीनं भुवया उंचावल्या. "थोरली बहीण? तुमची?"

त्या क्षणी मला 'काक'चा अर्थ कळला. रोज सकाळी भाताचं पान पुढे करताना, रस्ता ओलांडताना, रागावताना ती माझ्या ताईला ताईच म्हणत आली होती.

मुलीनं ताईच्या साडीकडे पाहिलं, मीनाच्या ओढणीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आमच्या घरचं नाक माझ्या आणि ताईच्या चेहऱ्यावर अगदी एकाच साच्यातलं आहे.

"आणि या?"

ताई मान खाली घालून बसली होती. तिची बोटं पदराचं टोक गुंडाळत होती. मी बहीण म्हटलं असतं, तर मीना कोण, असा प्रश्न आला असता.

"मी पाहुणी," मी म्हटलं. "लंडनहून आलेय."

मुलगी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "लंडनला फार थंडी असते ना?"

"फार. वयस्कर माणसांना सोसत नाही."

तिनं मान हलवली आणि लिहायला लागली. लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाली, "टू सिस्टर्स. एक खोली, खालचा मजला. आंटीच्या गुडघ्यांना बरं."

बाहेर आल्यावर ताई फूटपाथवरच थांबली. "फ्लोरा, तू खोटं बोललीस."

"पाहुणीच आहे की मी. परवा जाणार."

मग मात्र ती रडली, आणि मीही. मीना आम्हा दोघींना ओढत एका टपरीवर घेऊन गेली आणि आइस कचांग मागवलं (किसलेल्या बर्फाचा डोंगर, वर रंगीत पाक आणि खाली लाल चवळ्या). रडता रडता ते खाणं काही सोपं नाही. बर्फ सगळा ताटलीबाहेर येतो.

मी निघाले त्याच्या आधी आम्ही तिघी नवी खोली बघून आलो. उंच इमारत, समोर नुकताच डांबर घातलेला रस्ता, त्याचा वास अजून ताजा. मीनानं खिडक्या उघडून पाहिल्या. ताईनं खिडकीतून तो रस्ता नीट न्याहाळला आणि म्हणाली, "उतार बरोबर दिलाय. पाणी साचायचं नाही." भावोजी असते तर हेच म्हणाले असते.

हीथ्रोला डॅनियल मित्राची मोटार घेऊन आले होते. त्यांनी माझ्यामागे पाहिलं, आणखी कुणी येतंय का म्हणून, मग बॅग उचलून मोटारीत ठेवली. एम-फोर या महामार्गाचा खांबांवरचा उंच रस्ता लागला. दोन्ही बाजूंना घरांची धुराडी आणि वरच्या मजल्यांच्या खिडक्या अगदी जवळून सरकत होत्या. एका खिडकीत कुणी बाई पडदा सारत होती. एरवी मी या रस्त्यावरून जाताना पुढे बघत असे. त्या सकाळी मला खाली कुणाची अंगणं होती, आता त्या बायका कुठे गेल्या असतील, आणि त्यांच्याबरोबर कोण असेल, असा प्रश्न पडत राहिला.

ब्रेंटफर्ड जवळ आलं तेव्हा डॅनियल म्हणाले, "अगं, ताई आल्या नाहीत?"

"नाही हो," मी म्हटलं. "ती तिच्या धाकट्या बहिणीकडे राहिली."

त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मी हसत होते, आणि सिंगापूरहून निघाल्यापासून पहिल्यांदाच मला हसताना जड गेलं नाही.