गुळाचा उतारा

सत्याप्पा कांबळे बेळगावातल्या आमच्या छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचा आणि मी प्रुफं तपासायचो. त्याचा बाप जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबला. घराण्यात अक्षराला हात लावणारा हा पहिला. त्याचा त्याला तोराही होता. चूक दाखवली की दिवसभर माझ्याशी अबोला. चुका इतक्या कमी की अबोला क्वचितच व्हायचा.

१९७८ च्या सुमाराला त्याचं उजवं मनगट लुळं पडलं. पोटात कळा यायच्या, हिरड्यांवर निळसर रेघ उमटली. डॉक्टरांनी रक्त तपासून घेतलं आणि सांगितलं, अंगात शिसं भिनलंय, औषध देतो, पण छापखाना सोडावा लागेल. हे काही सत्याप्पाला पटेना. खिळे सुटले की आपण पुन्हा मजूर, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्याला काम न सोडता शिसं काढून देणारा माणूस हवा होता.

जांबोटीकडे मारुतीराव म्हणून निसर्गोपचार करणारे आहेत, ते माती बांधून अंगातला धातू ओढून काढतात, असं त्याची बायको अंजना कुठूनतरी ऐकून आली. एका रविवारी त्या दोघांसोबत मीही गेलो. बस वाटेतच बंद पडली. पुढे सगळी चाल, आणि सत्याप्पाचा हात आपला लोंबतोय. मला ते बघवेना, म्हणून मी पुढे पुढे चालत राहिलो.

मारुतीराव हात तपासत असताना सत्याप्पानं डाव्या हातानं खिशातला गुळाचा खडा काढून तोंडात टाकला. छापखान्यात चहाच्या वेळी सगळ्यांना गूळ मिळायचा. गुळानं शिसं उतरतं, ही मालकापासून आम्हा सगळ्यांची समजूत. आजारी पडल्यापासून सत्याप्पा दुप्पट खायचा.

"ह्यो गूळ ठेवता कुठं?" मारुतीरावांनी विचारलं.

"खिळ्यांच्या खोक्यावरच की."

"खायच्या आधी हात धुता काय?"

"धुतो की. संध्याकाळी काम सुटल्यावर, राकेलनं."

मारुतीरावांनी त्याचा हात खाली ठेवला. "म्हंजे गुळासंगं शिसंच खाताय की वो. नाकातनं धूळ जाती ती येगळीच. माझ्या मातीनं शिसं निघतंय, असं खोटं मी सांगणार न्हाय. डॉक्टरचं ऐका."

मला मालकाचा, गुळाचा, सगळ्यांचाच संताप आला. तोच गूळ मीही रोज चघळत होतो.

परतताना अंजना म्हणाली, "खिळ्यापायी हातच घालवायचा काय? हात ऱ्हायला तर पेन तरी धरता यील." सत्याप्पा रस्त्याकडेला बसला आणि लेकरासारखा रडला. त्या आठवड्यात त्यानं काम सोडलं. दवाखान्याचं औषध घेत राहिला आणि पुढे वडगावात एका शाळेत शिपाई लागला. मनगट हळूहळू उचलायला लागलं. आमच्या छापखान्यात गूळ नळाजवळच्या फळीवर गेला.

काही वर्षांनी थोरल्या लेकीची लग्नपत्रिका छापायला तो आला. मजकूर स्वतः लिहिलेला, अक्षर वाकडंतिकडं, पण उजव्या हाताचं. मी म्हटलं, "आत ये की रं, बस."

"नको अण्णा," तो म्हणाला. "आत आलो तर हात जाईल खिळ्यांवर."

पत्रिका जुळून होईपर्यंत तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून.